दाराकडे बंद

माझी काकू पाणी बंद करते. तिची नोकरीच ती आहे. कॉलेजात कुणी विचारलं तर आधी मी जलशुद्धीकरण केंद्रापासून सुरुवात करायचे आणि समोरच्याचा चेहरा कोरा व्हायचा, म्हणून मग हे छोटं उत्तर शोधून काढलं. "पाणी बंद करते." लगेच पुढचा प्रश्न येतोच, "मग उघडतं कोण?" उघडतेपण तीच.

मी काका-काकूंकडे राहते कारण माझं कॉलेज त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि काकू चष्मा लावत नाही, हा त्या घरातला कायमचा विषय. "अख्ख्या गल्लीला नंबर काढून दिला मी," काका म्हणतो, "आणि ही माझ्याच ताटात मिठाऐवजी साखर वाढते." काकू म्हणते, "गोड बोलायला लागशील म्हणून वाढली." असे ते दोघं. मला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

काकूचे हात बघाल तर तुम्हाला पटणार नाही की ती पाच फुटांच्या आत आहे. मनगटं जाड, खांदे पोहणाऱ्या बाईसारखे. शेजारपाजारचे लोक घट्ट झाकणाची बरणी घेऊन आमच्याकडे येतात. ती झाकण उघडते आणि वर टोमणा मारते, "घरात पुरुष आहे ना तुमच्या?" केंद्रात ती लागली तेव्हा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला होती. खाली गॅलरीत जो म्हातारा माणूस व्हॉल्व्ह सांभाळायचा त्याचे गुडघे गेले, आणि एकदा तो सुट्टीवर असताना फिल्टर धुवायची वेळ आली, तर हिने बाटल्या ठेवल्या आणि खाली जाऊन चाक फिरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ती वर बाटल्या धुवायला परत गेलीच नाही.

गॅलरी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. वर उघड्यावर मोठमोठे सिमेंटचे हौद आहेत, तळाशी वाळू. नदीचं पाणी त्या वाळूतून गाळून निघतं. हौदांच्या खाली एक लांब बोळ आहे, तीच गॅलरी. बोळाच्या एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे टाकी. दोन्ही बाजूंनी पाइप, इतके जाड की मी लहान असते तर आत लपले असते. प्रत्येक पाइपावर व्हॉल्व्हचा एक लोखंडी डबा आणि डब्याला बसच्या स्टिअरिंगएवढं चाक. एक चाक, एक हौद. चाक फिरवलं की त्या हौदात पाणी जातं किंवा थांबतं. डब्याच्या डोक्यावर चाकाबरोबर वळणारा एक बाण असतो. बाण पाइपाच्या रेषेत उभा, म्हणजे पाणी चालू. बाण पाइपावर आडवा, म्हणजे बंद. एवढंच.

आणि तिथे आवाज फार असतो. सगळे पाइप एकदम गुरगुरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय.

बोळाच्या डाव्या बाजूची चाकं एका दिशेने बंद होतात आणि उजव्या बाजूची उलट्या दिशेने, कारण ज्याने कुणी ते बसवलं त्याने एक रांग दुसऱ्या रांगेची आरशातली प्रत करून ठेवलीये. नवा माणूस चुकतोच. काकू कधी चुकायची नाही, कारण ती घड्याळाची दिशा वगैरे भानगडीत पडायचीच नाही. तिचं एकच सूत्र होतं. चाकाचा वरचा भाग दाराकडे ओढला की बंद, टाकीकडे ढकलला की उघड. डावी रांग असो की उजवी, तोंड कुठेही असो. दाराकडे बंद. घरातसुद्धा आम्ही हे म्हणायचो. मी रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत बसले की काका आतून ओरडायचा, "दाराकडे, दाराकडे." म्हणजे बंद कर आता.

तर झालं काय, एका हौदाच्या तळाला भेगा गेल्या होत्या. तो हौद रिकामा केला, वाळू काढली आणि आत गवंडी उतरला. गवंडी म्हणजे काकूच्या ओळखीचा, वर्षानुवर्षं केंद्राची कामं करणारा, तिला काकूच म्हणतो, वयाने तिच्याएवढाच असून. बाकीचे हौद चालू होते. त्या एका हौदाचं चाक काकूने सकाळी दाराकडे ओढून बंद केलं आणि वर जाऊन गवंड्याला सांगितलं, "उतर." तो उतरला. तिथे एवढंच असतं. काकू म्हणाली उतर, की माणूस उतरतो.

दुपारी त्या हौदात पाणी आलं.

गवंडी शिडीकडे धावला, घसरला, कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून ओरडला. साहेब, म्हणजे तिथले तरुण इंजिनिअर, वरून पळत गॅलरीत गेले, त्यांनी चाक धरलं आणि ते टेकेपर्यंत दाराकडे ओढलं. गवंड्याचा पाय मुरगळला, एक बूट गेला, बाकी तो ठीक होता. पण गॅलरीत तेव्हा काकू होती. एकटी. आणि चाकाजवळच होती.

मी कॉलेजातून आले तर ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, कामाच्या कपड्यांतच, आणि काका दुकान सोडून घरी. काका दुपारी घरी कधीच नसतो. मला वाटलं कुणीतरी गेलं.

"मी दोनदा बंद केलं," काकू म्हणाली.

"काय?"

"व्हॉल्व्ह. सकाळी बंद केला. मग दुपारी बघितलं तर उघडा होता, म्हणून परत बंद केला. बाण आडवा झालेला मी डोळ्यांनी पाहिला. आणि मग वरून तो ओरडला."

मी म्हटलं, "पण दोनदा कसं काय बंद होईल? मधे कुणीतरी उघडला असणार ना."

"तेच तर."

काका फार हळू बोलला, मला तो तसा बोललेला आवडत नाही. "अगं, घाईत होतं माणसाचं. बंद करायला गेलीस आणि उलटं फिरवलंस. एवढंच झालं असेल."

"मी? उलटं?"

त्यावर तो गप्प बसला. आणि मला त्याचा रागच आला, कारण गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच झालं.

मग मी माझं डोकं चालवलं. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पाइपाचं मला ओ की ठो कळत नाही, पण मी ठामपणे म्हटलं की पाण्याचा दाब वाढला असेल आणि दाबाने ते चाक आपोआप फिरलं असेल. मला हे इतकं बरोबर वाटलं की मी उठून उभीच राहिले. काकूने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि माझी गिटार घेऊन आली. ती गिटार मी एका आठवड्याच्या उत्साहात घेतली होती आणि नंतर ती कपाटावर धूळ खात होती.

"ही तार ताणलेली आहे ना?"

"आहे."

"किती जोर असेल तिला? बोट कापेल. मग ही खुंटी का नाही फिरत उलटी?"

मी बघितलं. खुंटीच्या दांड्याला स्क्रूसारखे आटे आणि ते आटे एका छोट्या दातेरी चाकात अडकलेले. खुंटी पिळली की दातेरी चाक अगदी थोडं सरकतं. पण तार कितीही ओढली तरी दातेरी चाक त्या आट्यांना फिरवू शकत नाही. मी ओढून बघितली. तार कुरकुरली, खुंटी हलली नाही.

"त्या डब्यात हेच आहे, फक्त मोठं," काकू म्हणाली. मग तिने ताट घेतलं आणि नळ सोडून धारेखाली धरलं, आधी कडेवर. पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेलं. मग सपाट धरलं. पाणी अडलं, ताट खाली दबलं, आमच्या अंगावर शिंतोडे. "पाइपाच्या आत असं ताट आहे. आडवं आलं की बंद. नदी त्याच्यावर रेटते, हाताने कोण धरणार? म्हणून मधे गिअर. चाक खूप फिरवायचं, ताट जरासं वळतं. जोर मिळतो, घाई मिळत नाही. आणि पाण्याने काहीही केलं तरी ताट स्वतःहून वळत नाही. माझ्याकडून पाणी हलतं. पाण्याकडून चाक हलत नाही."

तिने नळ बंद केला.

"म्हणजे कुणीतरी फिरवलं. तिथे मीच होते. म्हणजे मीच फिरवलं. आणि मला ते आठवत नाही. मला बंद केलेलं आठवतंय."

तिने मला समजावता समजावता स्वतःलाच कोंडीत पकडलं होतं आणि मी गिटार हातात घेऊन उभी.

तिची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. मी तिला पाहिलेलं नाही, पण काकूने एकदा सांगितलं होतं की सुरुवात भाषेने किंवा नावांनी नाही झाली, दारांनी झाली. ढकलायचं दार ओढायची आणि रडायची की मला कोंडलं. त्या दिवशी काकूने आईचा विषय काढला नाही. काकानेही नाही. पण ती बाई आमच्या स्वयंपाकघरात चौथ्या स्टुलावर बसलेली होती, असं मला वाटत राहिलं.

"उद्या मी चाकं देऊन येते," काकू म्हणाली. "साहेबांना सांगितलंय. बाटल्या धुवीन परत."

"त्यांनी काढलं तुला?"

"नाही गं. ते म्हणाले, काकू, असं होतं कधीकधी." तिने ताट पुसून ठेवलं. "सगळे फार चांगलं वागले."

हे तिने असं सांगितलं की जणू मार पडला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर गेले. तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. जाताना बसमध्ये ती मला विचारते, "काल सकाळी तुला डबा मी दिला का?" मी म्हटलं हो. "नक्की?" मी म्हटलं हो गं. आणि मग मलाच शंका आली की कालचा होता की परवाचा. खरंच सांगते, दुसऱ्या माणसाने आपल्याला असं दोनदा विचारलं ना, की आपलंही डोकं पाणी सोडतं.

केंद्रात पोचल्या पोचल्या मी साहेबांना गाठलं आणि नको ते सगळं बोलले. की तुम्ही एका बाईवर ढकलून मोकळे झालात, की तुमची यंत्रं जुनाट, की दाबाचं काय. दाबाचं काय हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, तरी बोलले. साहेब बिचारे लाल झाले. म्हणाले, "मी काही म्हटलेलंच नाही काकूंना. उलट मी थांबा म्हणतोय. पण त्या म्हणतात की खात्री नाही. आणि आत माणूस असतो हो. खात्री नसेल तर मी तरी कसा आग्रह करू?" आता यात काय चूक काढायची? रागाला जागाच सापडेना.

चाकं ताब्यात घ्यायला पंपावरचा माणूस आला होता. त्याला तिथे सगळे हळू म्हणतात, कारण तो सगळंच हळू करतो, होकारसुद्धा. काकू, हळू आणि मी, तिघं गॅलरीत उतरलो. बाण नुकतेच रंगवलेले होते, लालभडक, रांगेत, एकदम देखणे. ते काकूनेच मागून घेतलं होतं. जुने बाण राखाडी झाले होते, दिसेनात, आणि चष्मा तर ती लावणार नाही. म्हणून तिने रंगाऱ्याला सांगितलं होतं की बाबा, हे जरा डोळ्यात भरतील असे कर. तो आदल्या दिवशी दुपारी, ती वर पाण्याचे नमुने द्यायला आणि मग जेवायला गेली तेव्हा, ते काम उरकून गेला होता.

"ऐक," काकू हळूला सांगत होती, "डावीकडे असो, उजवीकडे असो. वरचा भाग दाराकडे..." आणि ती थांबली. चाकावर हात ठेवून थांबली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बघू शकले नाही. एवढी वर्षं जे वाक्य ती झोपेतही बोलली असती ते तिला तपासून बघावं लागत होतं.

"बंद," मी म्हटलं. "दाराकडे बंद."

"हो. बंद."

हळूने खूप वेळ मान हलवली. मग म्हणाला, "मग आत्ता बंद कुठलंय, काकू?"

"ते खांबाजवळचं. गवंड्याचं."

मी खांबाकडे बघितलं. मग रांगेकडे. मग परत खांबाकडे. मला वाटलं मलाच नीट कळलेलं नाही, नेहमीसारखं, म्हणून मी विचारूनच टाकलं. "पण मग त्याचा बाण आडवा पाहिजे ना? हे तर सगळेच उभे आहेत."

काकू वळली.

ती त्या चाकाजवळ गेली आणि आधी बाणाकडे बघितलंच नाही. तळहात पाइपावर ठेवला. मग शेजारच्या पाइपावर. मग परत. माझा हात धरून तिने माझ्याकडूनही तेच करवलं. शेजारचा पाइप थरथरत होता, मांजरासारखा. हा गार आणि मुका. मग तिने चाक दाराकडे ओढलं. चाक हललं नाही, पार शेवटाला जाऊन टेकलेलं होतं. पाणी बंद होतं. आणि डोक्यावर तो लाल बाण सरळ उभा राहून सांगत होता की उघडं आहे.

"रंगाऱ्याला बोलाव," ती हळूला म्हणाली, आणि तो चक्क पळाला.

रंगारी आला तो हातातलं फडकं घेऊन, हसत, त्याला वाटलं कौतुकाला बोलावलंय. "कसे झालेत? काढून रंगवले, काकू. जागेवर रंगवले असते तर डब्यावर ओघळ आले असते. सगळे काढले, कागदावर मांडले, दोन हात दिले, वाळल्यावर लावले."

"लावताना कसे लावलेस?"

"कसे म्हणजे? एका ओळीत. तो एक तेवढा आडवा होता, वाकडा दिसत होता ना मधेच. सरळ केला."

त्याने एकेकाचं तोंड बघितलं. "नीट दिसले पाहिजेत म्हणाला होतात तुम्ही."

काकूने बाण उचलला. तो नुसता चौकोनी भोकाने चौकोनी खुंटीवर बसतो, कसाही फिरवून बसवा, बसतो. तिने तो आडवा करून ठेवला. आणि मला सगळं एकदम दिसलं. ती वरून आली, बाण उभा. म्हणजे उघडं, आणि आत माणूस. तिने चाक दाराकडे ओढलं, ते हलेना, कारण ते बंदच होतं. बाण तरीही उभाच. बाकीच्या पाइपांच्या गुरगुरीत ऐकू काही येत नाही. तिला वाटलं, मी दिशा विसरले. आईसारखं. मग तिने चाक टाकीकडे ढकललं, ते सरसर फिरायला लागलं, बाण वळत वळत आडवा झाला, आणि तिने निःश्वास टाकला. वर गवंड्याच्या पायाखाली पाणी आलं. मग साहेबांनी चाक परत दाराकडे ओढलं, आणि बाण पुन्हा उभा.

मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "बघ, बघ, तू काही विसरली नव्हतीस, तुझं डोकं ठणठणीत आहे, तू दोनदा बंद केलंस हे खरंच होतं." मी रडत होते, हळू अस्वस्थ होऊन छताकडे बघत होता. मला वाटलं संपलं. घरी जाऊन काकाला सांगू, हसू.

काकू माझ्या मिठीत खांबासारखी उभी होती.

"मग हे बरं झालं का?" तिने विचारलं. मला टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

"म्हणजे काय, बरंच झालं."

"चाक टेकलेलं हाताला कळलं होतं मला. हात सांगत होता की बंद आहे. मी हाताचं ऐकलं नाही, बाणाचं ऐकलं." ती पायरीवर बसली. "विसरले असते तर सुटले असते गं. आजार आहे म्हटलं असतं. हे कशात धरायचं?"

मी मानसशास्त्र शिकते आणि मला एक वाक्य सुचलं नाही. रंगारी फडकं पिळत "माझ्यामुळे झालं का, माझ्यामुळे झालं का" करत होता, आणि काकू त्याला म्हणाली, "नाही रे, तू छान रंगवलेत," आणि तेही खरंच होतं, आणि माझं डोकं आणखीच फिरलं. चूक त्याची होती. त्याची नव्हती. तिची होती? मी बसमध्ये, नंतर अंथरुणात, अजूनही, हे इकडून तिकडून फिरवून बघते आणि ते कुठेच टेकत नाही.

साहेब धावत आले, त्यांना हळूने सांगितलं होतं. ते तर खूशच. "मग झालं की काकू, प्रश्नच मिटला. तुम्ही इथेच. हळू, तू जा पंपावर." हळू लगेच निघाला, आयुष्यात पहिल्यांदा लगेच. सगळ्यांना इतकं हलकं वाटत होतं की काकूला काय वाटतंय ते विचारायचं राहूनच गेलं.

ती उठली आणि वर गेली. आम्ही मागे.

गवंडी हौदाच्या कडेला बसला होता, पायाला पट्टी, दुसऱ्या कुणाचा तरी बूट घालून. तळाचं काम अर्धं झालेलं, पाण्याने थोडं धुपलेलं, आजच पुरं केलं नाही तर सगळं उकरून पहिल्यापासून करावं लागणार होतं. काकूने त्याला बाणाचं सगळं सांगितलं. स्वतःचं काही झाकलं नाही. चाक टेकलेलं कळलं होतं, हेही सांगितलं.

"आता उतरशील का?" तिने विचारलं.

तो हौदात बघत बसला. मला वाटलं होतं तो पटकन म्हणेल, तुम्ही आहात ना काकू, मग काय. तो नेहमी तेच म्हणायचा. साहेबांनाही तेच वाटलं असावं, ते हसरा चेहरा करून तयार उभे होते.

"काय सांगू काकू," तो म्हणाला. "उतरायचं तर आहे. पण पाय उचलत नाहीये."

"मुरगळलेला?"

"नाही. दुसरा."

काकू हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तोही हसला, पण जागचा हलला नाही.

मग ती साहेबांकडे वळली. "साखळी आहे का? आणि कुलूप?"

"कशाला?"

"चाकाला."

साहेबांना ते लागलं. "काकू, अहो तुमच्या हाताला कुलूप घालायचं? इतकी वर्षं इथे कधी लागलं नाही."

"लागलं नाही कारण मीच कुलूप होते," ती म्हणाली. "माणूस आत असताना असं ठेवायचं का, एका बाईच्या भरवशावर? मलाच कधी सुचलं नाही. मला आवडायचं ते."

हे ती इतकं साधेपणाने म्हणाली की साहेब जाऊन स्वतः साखळी घेऊन आले, सायकलची होती बहुतेक, गेटवरून. गॅलरीत काकूने चाक पुन्हा दाराकडे ओढून बघितलं, टेकलेलं होतं. साखळी चाकाच्या आऱ्यांमधून आणि पाइपाच्या आधाराभोवती फिरवली, कुलूप लावलं. किल्ली घेऊन परत वर आली आणि गवंड्याच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्या खिशात. तू वर येऊन मला देईपर्यंत ते चाक मी फिरवू शकत नाही, साहेब नाही, कुणीच नाही."

त्याने किल्ली उलटसुलट बघितली, जणू कुणा अनोळखी माणसाने लग्नाची पत्रिका हातात ठेवलीये. म्हणजे घ्यायची तर आहे, पण घेताना कसं वागायचं माहीत नाही. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो काकू."

"माहितीये. माझा नाहीये आत्ता. उतर."

तो शिडीला पाठ करून एक एक पायरी उतरला. खाली पोचल्यावर त्याने खिसा चाचपला. मग थापी उचलली.

काकू खाली गॅलरीत गेली. मी बोळाच्या दारात उभी राहिले. ती त्या चाकापुढे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी, त्या बरण्या उघडणाऱ्या हातांनी, सगळा जीव लावून चाक टाकीकडे ढकललं. उघडायच्या दिशेला. साखळी ताणली, खणखणली आणि थांबली. तिने परत ढकललं. मान लाल झाली तिची. साखळी धरून होती. मला कळेना, ती साखळी तपासत होती की स्वतःला. आणि बघताना भीती वाटत होती की बरं वाटत होतं, तेही कळेना.

मग तिने हात सोडले, खिशातून चष्मा काढला, काकाने किती महिन्यांपूर्वी करून दिलेला, आणि कपड्याला काचा पुसत बसली. लावला नाही.

"म्हणजे तू राहणार?" मी विचारलं. पाइपांच्या आवाजात मला ओरडूनच विचारावं लागलं. "बाटल्या नाही ना धुणार?"

"काय माहीत," ती म्हणाली. "तो वर येईपर्यंत तर आहे."